म्हैसूरचा चिखल

१७९१ च्या मे महिन्यात लॉर्ड कॉर्नवॉलिसचं सैन्य श्रीरंगपट्टणापाशी येऊन ठेपलं होतं. मार्चमध्ये बंगळूरचा किल्ला त्याच्या हाती पडला होता. १५ मे रोजी अरकेरेच्या लढाईत टिपूच्या फौजेला मागं हटावं लागलं होतं. राजधानीचा किल्ला नजरेच्या टप्प्यात होता, पण पाऊस कोसळू लागला. वैरणीवाचून बैल मरायला लागले, तोफांचे गाडे रुतले आणि बैलांच्या जागी माणसं जुंपून ते ओढायची वेळ आली. शेवटी कावेरीकाठच्या कन्नंबाडीला पोचल्यावर कॉर्नवॉलिसनं किल्ला फोडायला आणलेल्या आपल्याच जड तोफा निकामी केल्या आणि तो मागं फिरला.

परतीच्या वाटेवर समोरून घोडदळ येताना दिसलं. इंग्रजांना वाटलं, टिपूचे स्वार. निघाले ते त्यांचे दोस्त मराठे. हरिपंत फडके आणि परशुरामभाऊ पटवर्धन यांच्या फौजा इतक्या जवळ आल्याची बातमीच इंग्रजांना लागली नव्हती, कारण टिपूचे स्वार जासूदांना वाटेतच गाठत होते. उपाशी इंग्रजी छावणीला मराठ्यांच्या बाजारानं जगवलं. धान्य आणि बैल तर होतेच, पण काश्मिरी शाली आणि विलायती चाकूसुद्धा त्या फिरत्या बाजारात मिळत होते. भाव मात्र चढे होते. म्हैसूरचा इतिहास लिहिणाऱ्या विल्क्सनं या बाजाराचं वर्णन मोठ्या कौतुकानं केलं आहे.

म्हैसूरला निघालेल्या मराठी माणसानं ही हकिकत मनात ठेवून जावं, असं मला फार वाटतं. राजवाडा, वृंदावन गार्डन, चामुंडी टेकडी हे सगळं बघायचंच असतं. पण या मुलखाची गोष्ट त्याच्या मातीत आणि पाण्यात आहे. तिथली माती भिजली की राज्यांचे बेत बदलायचे. हे मुलांना सांगून कळत नाही. त्यासाठी त्यांना दरिया दौलतच्या भिंतीसमोर उभं करावं, आणि दुसऱ्या दिवशी गुडघाभर चिखलात सोडावं. ऑगस्टच्या एका शनिवार-रविवारी आम्ही नेमकं तेच केलं.

आम्ही राहतो बेंगळुरूला. नवऱ्याच्या कचेरीतल्या एका सहकाऱ्याचं गाव मंड्या जिल्ह्यात, कालव्याच्या पाण्यावर. भातलावणीच्या आधी गावानं चिखलातल्या शर्यती ठेवल्या होत्या. कन्नडमध्ये त्याला केसरुगद्दे ओट म्हणतात. त्यानं आग्रहानं बोलावलं होतं. मुलं चिखलासाठी आसुसलेली, तर सासूबाईंना श्रीरंगपट्टण पाहायचं होतं. त्यांचं सासर तासगावचं. परशुरामभाऊंनी बांधलेल्या तिथल्या गणपतीच्या देवळाला सात मजली गोपुर आहे. दक्षिणेच्या स्वाऱ्यांत भाऊंनी पाहिलेली देवळं त्या गोपुराला कारण झाली, असं तासगावात सांगतात. जन्मभर ज्या गोपुराखालून ये-जा केली त्याचं मूळ एकदा बघावं, एवढीच त्यांची इच्छा होती.

२०२३ च्या मार्चमध्ये बेंगळुरू-म्हैसूर द्रुतगती मार्ग सुरू झाल्यापासून हा प्रवास खूपच सोपा झाला आहे. (दुचाकींना मुख्य रस्त्यावर बंदी आहे, त्यांनी बाजूच्या रस्त्यानं जावं.) पण नव्या रस्त्यानं मद्दूर गाव चुकतं, तेव्हा मद्दूरवडा खायचा तर वाट वाकडी करावी लागते. आम्ही केली.

श्रीरंगपट्टण हे कावेरीच्या दोन फाट्यांमधलं बेट. म्हैसूर तिथून पंधरा-सोळा किलोमीटरवर. रंगनाथस्वामींच्या देवळाचं गोपुर दिसताच सासूबाईंनी गाडीतूनच हात जोडले. दर्शन घेऊन आम्ही दरिया दौलत बागेत गेलो. १७८४ मध्ये बांधलेला टिपूचा हा सागवानी उन्हाळी महाल आज भारतीय पुरातत्त्व खात्याचं संग्रहालय आहे. आत नाणी, हत्यारं आणि जुनी चित्रं आहेत, पण मुलांना घेऊन गेलात तर पहिला तास बाहेरच्या पश्चिम भिंतीला द्या. १० सप्टेंबर १७८० ला पोल्लिलूरला हैदर आणि टिपूनं इंग्रजांचा जो पराभव केला तो या भिंतीवर रंगवला आहे. इंग्रजांचा चौकोनी व्यूह, मधे पालखीत बसलेला जखमी कर्नल बेली, दारूगोळ्याच्या गाड्याचा भडका, आणि चारी बाजूंनी दौडत आलेले घोडे. उशिरा येणाऱ्या निजामाचीही चित्रकारानं टिंगल केली आहे. माझ्या मुलीनं घोडे मोजायला घेतले आणि मधेच सोडून दिले, इतके ते दाटीनं काढलेले आहेत.

या भिंतीचं पुढचं चरित्रही ऐकण्यासारखं आहे. शेवटच्या वेढ्याच्या आधी या चित्रांवर चुना फासला गेला होता. १७९९ मध्ये श्रीरंगपट्टण पडल्यावर आर्थर वेलस्ली, म्हणजे पुढचा ड्यूक ऑफ वेलिंग्टन, याच महालात राहिला आणि त्यानं ती पुन्हा रंगवून घेतली. आपल्याच सैन्याच्या पराभवाचं चित्र त्यानं जपलं. त्या पराभवात कैद झालेला डेव्हिड बेअर्ड साडेतीन वर्षांहून अधिक काळ श्रीरंगपट्टणात बेड्यांमध्ये होता. ४ मे १७९९ च्या भर दुपारी तटाच्या खिंडाराकडे नदीचं पात्र ओलांडून हल्ला करणाऱ्या तुकड्यांचा सेनानी होता तोच बेअर्ड. टिपू त्याच दिवशी पडला. मे महिन्याचा पहिला आठवडा असल्यानं कावेरी गुडघ्या-कमरेएवढी होती. आणखी काही आठवडे किल्ला तगला असता तर पावसाळ्यानं नदी भरली असती आणि पात्र ओलांडणं अशक्य झालं असतं. १७९१ चा धडा इंग्रज विसरले नव्हते, म्हणून यावेळी त्यांनी पावसाच्या आत घाई केली.

सासूबाईंनी तिथं एक प्रश्न विचारला. "मग भाऊ कुठं होते?" १७९९ च्या वेढ्यात मराठे नव्हते. १७९२ च्या वेढ्यात होते. त्या वर्षी १८ मार्चला झालेल्या तहात टिपूनं निम्मं राज्य आणि तीन कोटी तीस लाख रुपये द्यायचं कबूल केलं आणि दोन मुलं ओलीस ठेवली. त्या वाटणीत मराठ्यांची हद्द तुंगभद्रेला भिडली. तहाच्या वाटाघाटीत मराठ्यांच्या बाजूनं हरिपंत होते. हे अभिमानानं सांगताना १७९१ मधलीच दुसरी गोष्टही मुलांना सांगितली पाहिजे, आणि आम्ही सांगितली. पटवर्धनांच्या फौजेबरोबरच्या पेंढाऱ्यांनी शृंगेरीचा मठ लुटला. तो पुन्हा उभा करायला टिपूनं शंकराचार्यांना पैसा आणि साहित्य पाठवलं. त्याची पत्रं १९१६ मध्ये म्हैसूरच्या पुरातत्त्व खात्याचे संचालक आर. नरसिंहाचार यांना मठात सापडली. सासूबाई गप्प राहिल्या, मग म्हणाल्या, "देवाच्या दारात असं करायला नको होतं." मला त्यांचं हे बोलणं फार मोलाचं वाटतं. इतिहास आपल्या माणसांचा असला की तो आणखी नीट ऐकावा लागतो.

दुपारी म्हैसूर. जेवून आम्ही मानसगंगोत्रीला गेलो. म्हैसूर विद्यापीठाच्या या परिसराला हे सुंदर नाव दिलं कवी कुवेंपूंनी, ते इथले कुलगुरू असताना. कुक्करहळ्ळी तळ्याजवळ जयलक्ष्मी विलास नावाचा जुना राजवाडा आहे. कृष्णराज वाडियार चौथे यांनी १९०५ मध्ये तो आपली थोरली बहीण जयलक्ष्मम्मण्णी हिच्यासाठी बांधला. १८९७ मध्ये हिच्याच लग्नसमारंभाच्या वेळी म्हैसूरचा जुना लाकडी राजवाडा जळाला आणि आज सगळे बघतात तो हेन्री अर्विननं रचलेला राजवाडा त्या जागी उभा राहिला, तो १९१२ मध्ये पूर्ण झाला. जयलक्ष्मी विलासात आता विद्यापीठाचं लोककला संग्रहालय आहे. वाड्याच्या काही भागात डागडुजीचं काम चालतं, तेव्हा जाण्याआधी विद्यापीठात चौकशी करून घ्यावी.

हे संग्रहालय म्हणजे माझ्या मते म्हैसूरमधली सगळ्यांत दुर्लक्षित आणि सगळ्यांत श्रीमंत जागा आहे. साठच्या दशकाच्या अखेरीस लोकसाहित्याचे अभ्यासक जी. शं. परमशिवय्या आणि चित्रकार पी. आर. तिप्पेस्वामी यांच्यासारखी माणसं कर्नाटकभर गावोगाव फिरली आणि लोक अडगळीत टाकत होते त्या वस्तू मागून आणल्या. आज इथला संग्रह साडेसहा हजारांच्या पुढे आहे. राजाची तलवार कोणीही जपतो. शेतकऱ्याचा नांगर, बाईची वेताची टोपली, ग्रामदेवतेचा मुखवटा जपायला वेगळी नजर लागते. ती नजर असलेली माणसं वेळेवर भेटली नाहीत तर या वस्तूंचं सरपण होतं.

चामड्याच्या बाहुल्यांपाशी आम्ही सर्वांत जास्त रमलो. कर्नाटकात त्यांना तोगलु गोंबे म्हणतात. पडद्यामागं दिवा लावून त्यांच्या रंगीत सावल्यांवर रामायण-महाभारत सांगतात. राजा आणि देव आकारानं मोठे, सेवक-सैनिक लहान. पात्राच्या मानानुसार बाहुलीची उंची ठरते. आणि हे खेळ करणारे किळ्ळेक्यात घरात मराठीची एक बोली बोलतात. पिढ्यान्‌पिढ्या कन्नडमध्ये खेळ करणारी ही माणसं मुळात महाराष्ट्राकडून खाली आलेली. सिंधुदुर्गातल्या पिंगुळीच्या ठाकरांकडेही चामड्याच्या बाहुल्या आहेत. तिथल्या परशुराम गंगावणे यांना २०२१ ची पद्मश्री मिळाली, तेव्हा त्या कलेकडे सगळ्यांचं लक्ष गेलं. फडके-पटवर्धनांची नावं निदान पुस्तकात तरी आहेत. हातात बाहुल्यांची पेटी घेऊन दक्षिणेत उतरलेल्या या मराठी माणसांची नावं कुठंच नाहीत. त्यांच्या हातांनी कोरलेलं चामडं मात्र आहे, आणि मुलं ते बघत असताना मी हे त्यांना पुन्हापुन्हा सांगितलं.

शेतीच्या अवजारांपुढं सासूबाईंनी सूत्रं हाती घेतली. त्यांचं माहेर आजऱ्याजवळ, घनसाळ भाताच्या मुलखात. इसाड कुठली, रुमणं कुठलं, फाळ कसा बसवतात, जू कसं बांधतात, हे त्या हातवारे करून सांगत होत्या. धाकट्यानं विचारलं, "आजी, हे सगळं आता कोण वापरतं?" "उद्या बघशील," त्या म्हणाल्या.

संध्याकाळी नवऱ्याच्या हट्टाखातर जुन्या वस्तीतली एक गरडी पाहिली. गरडी म्हणजे तालीम. लहानपणी तो स्वतः तासगावच्या तालमीत जायचा. ठेंगणं दार, आत मारुती, आणि मधल्या हौद्यात चाळलेली तांबडी माती. आम्ही बायका दारातच थांबलो, त्यानं मात्र आत जाऊन मातीला हात लावून कपाळाला लावला. वस्ताद त्याच्याशी कन्नडमध्ये बोलत होते, तो मोडक्या कन्नडमध्ये; पण मातीत तेल-हळद किती घालता, पाणी कधी मारता, माती कधी उकरता हे बोलणं अर्धा तास चाललं. कोल्हापूरच्या तालमीत ताक, तूप, हळद, कापूर घालतात हे ऐकून तरुण पोरं भोवती जमली. शाहू महाराजांनी १९१२ मध्ये बांधलेल्या खासबाग मैदानाचं नाव त्या वस्तादांना ठाऊक होतं.

म्हैसूरचं कुस्तीचं वेड जुनं आहे. सतराव्या शतकातला कंठीरव नरसराज वाडियार हा राजा स्वतः पट्टीचा मल्ल होता. तिरुचिरापल्लीला वेश बदलून जाऊन तिथल्या दरबारी मल्लाला त्यानं हरवलं, अशी कथा सांगतात. दसऱ्यात आजही कुस्त्यांचे फड होतात, आणि विजयादशमीला राजवाड्याच्या चौकात जेट्टी मल्लांची वज्रमुष्टी होते. डोकं भादरलेले मल्ल मुठीत टोकदार अस्त्र घालून भिडतात आणि डोक्यातून रक्ताचा पहिला थेंब आला की लढत थांबवतात. मग जंबुसवारी, म्हणजे दसऱ्याची मिरवणूक, निघते. दसऱ्याच्या काळात शेतकऱ्यांसाठी वेगळा रैत दसराही भरतो आणि त्यात ग्रामीण खेळ असतात.

रेल्वे संग्रहालय, म्हैसूरपाक, राजवाड्यावरची रविवार संध्याकाळची रोषणाई यांबद्दल सगळीकडे लिहिलेलं आहे. मी थेट रविवार सकाळवर येते.

गावाला जाताना कालवा लागला. हे पाणी कृष्णराजसागराचं. १९११ मध्ये त्या धरणाचं काम सुरू झालं, १९३१ च्या सुमारास पुरं झालं, आणि जलाशयात बुडालेलं मूळ गाव म्हणजे कन्नंबाडी, जिथं कॉर्नवॉलिसनं तोफा फोडल्या ते. धरणामागचा अभियंता मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या. हा माणूस शिकला पुण्यात, मुंबई इलाख्याच्या बांधकाम खात्यात वाढला, आणि पाण्याच्या दाबानं आपोआप उघडणारी दारं त्यानं पहिल्यांदा बसवली खडकवासल्याला, १९०३ मध्ये. पुढं तशी दारं कृष्णराजसागरलाही बसली. कालव्यालाही आता विश्वेश्वरय्यांचंच नाव आहे. मंड्याचं भात आणि ऊस या पाण्यावर उभा आहे. त्याआधी हा बराचसा मुलूख नाचणीचा, पावसाच्या भरवशाचा होता. ज्या चिखलात मुलं धावणार होती तो पुण्याशी असा जोडलेला आहे, हे सांगताना मला खरंच आनंद होत होता.

शेतात पोचलो तेव्हा चिखलणी नुकतीच आटोपली होती. एका बाजूला पॉवर टिलर उभा होता आणि बांधाशी एक बैलजोडी, जू मानेवर, मागं फळी. काल काचेपलीकडे पाहिलेलं जू आज घामानं ओलं आणि चिखलानं माखलेलं होतं. धाकटा धावत जाऊन आजीला म्हणाला, "हे बघ, कालचंच!" बैलवाल्यानं त्याला फळीवर उभं केलं, शेपटीजवळची दोरी हातात दिली आणि शेताला एक फेरा मारून आणला. म्हैसूरला जायचं तर आधी संग्रहालय आणि मग चिखल, हा क्रम मी त्या क्षणापासून सगळ्यांना सांगत आले आहे.

चिखलणी केलेलं शेत धावायला का चांगलं, तेही तिथं समजलं. पाणी लावून माती पुन्हापुन्हा नांगरली, फळी फिरवली की ढेकळं विरघळून वरचा थर लोण्यासारखा मऊ होतो. त्याच्या खाली वर्षानुवर्षांच्या नांगरटीनं एक घट्ट थर बसलेला असतो. तो पाणी खाली झिरपू देत नाही, म्हणून भात उभा राहतो, आणि धावणाऱ्याचा पायही ठराविक खोलीवर टेकतो. तळ्याच्या किंवा नदीकाठच्या गाळाला असा तळ नसतो. तिथं हौसेनं उतरू नये, मुलांना तर मुळीच उतरू देऊ नये.

शर्यती वयाप्रमाणं होत्या. आधी लहान मुलं, मग मुली, मग बायका, मग जोडपी, आणि शेवटी रस्सीखेच. गावातल्या मुली परकर खोचून वाऱ्यासारख्या गेल्या. माझी मुलगी शहरातल्या ट्रॅकवर धावणारी, तिनं लांब ढांगा टाकल्या आणि तिसऱ्या ढांगेला पाय रुतला. बाजूच्या अज्जींनी ओरडून सांगितलं ते सहकाऱ्यानं मराठी-हिंदीत उलगडून दिलं: पाऊल छोटं टाक, गुडघा उचल, चवड्यावर राहा, थांबू नकोस. थांबलं की चिखल पाय धरतो, कारण रुतलेला पाय उचलताना खाली पोकळी तयार होऊन तो आत ओढला जातो. टाच आधी सैल केली की हवा शिरते आणि पाय सुटतो. पुढच्या फेरीत तिनं हे केलं आणि ओळीच्या मधोमध आली. मला तिचा चेहरा दिसत नव्हता, फक्त दात दिसत होते.

हल्ली पैसे भरून चिखलातल्या अडथळ्यांच्या शर्यती धावायची पद्धत जगभर आहे. इंग्लंडमध्ये 'टफ गाय' १९८७ मध्ये सुरू झाली, अमेरिकेत 'टफ मडर' २०१० मध्ये, आणि आपल्याकडे 'डेव्हिल्स सर्किट' मोठ्या शहरांत होते. त्या शर्यतींबद्दल मला आदर आहे. पण म्हैसूरला लागून असलेल्या कोडगूत, म्हणजे कुर्गात, हा खेळ त्यांच्या कितीतरी आधीपासून आहे. रेव्हरंड रिश्टर यांच्या १८७० च्या कुर्गवरील ग्रंथात त्याचं वर्णन सापडतं. सर्वांत मोठ्या शेताची लावणी संपत आली की दहाएक फूट रुंदीचा पट्टा शेताच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत मोकळा ठेवायचा आणि लावणी करणाऱ्या पुरुषांनी त्या चिखलातून धाव घ्यायची. पहिल्याला कापड, बाकीच्यांना केळीचा घड, फणस असली बक्षिसं. पलीकडे किनाऱ्यावर रेड्यांची कंबळ आहे, तीही चिखलातच. आपल्या बैलगाडा शर्यतींबरोबर कंबळेलाही सर्वोच्च न्यायालयानं १८ मे २०२३ च्या निकालात मोकळीक दिली.

आमच्या जोडप्याला पारितोषिक मिळालं नाही. मिळालं ते सासूबाईंना, आणि त्या शर्यतीत नव्हत्याच. रस्सीखेच संपल्यावर बायका शेताच्या कडेला रोपं लावून दाखवत होत्या. सासूबाईंनी लुगड्याचा कासोटा घट्ट केला, चपला काढल्या आणि उतरल्या. डाव्या हातात रोपांची मूठ, उजव्या अंगठ्यानं चिखलात रोवायचं, मागं सरकायचं. गुडघे दुखत असतील म्हणून मी पुढं झाले तर म्हणाल्या, "राहू दे गं, इथं दुखत नाही." कन्नड त्यांना गडहिंग्लजच्या बाजारात कानावर पडलं तेवढंच. पण त्यांची ओळ सरळ आली आणि गावातल्या अव्वांनी त्यांच्या हातात नारळ आणि ताज्या रव्यासारख्या दळलेल्या नाचणीची पिशवी ठेवली.

आता जाणाऱ्यांसाठी काही गोष्टी. सुती कपडे चिखल पिऊन जड होतात, अंगाला बसणारे पातळ खेळाचे कपडे बरे. बुटात चिखल भरतो, म्हणून सगळे अनवाणी धावतात, पण शेत मालकानं काच-खडे वेचून साफ केलं आहे का हे आधी विचारा. कॉन्टॅक्ट लेन्स काढून ठेवा, नखं कापा. पायाला उघडी जखम असेल तर उतरू नका. उंदरांच्या आणि गुरांच्या मुतानं दूषित पाण्यातून लेप्टोस्पायरोसिस होतो, हे कोकणातल्या आणि मुंबईतल्या वाचकांना सांगायला नको. बाहेर आल्यावर साबणानं अंग धुवा, आणि पुढच्या महिन्याभरात ताप आला तर डॉक्टरांना चिखलात गेल्याचं आवर्जून सांगा. अंग धुवायला कालव्यात उतरू नका, पाण्याला ओढ जबरदस्त असते. आम्ही मोटारीच्या पाण्याखाली बसलो, तेवढं पुरेसं झालं.

जेवणात नाचणीची मुद्दे आणि पालेभाजीचं सारू. मुद्दे चावायची नसते, सारात बुडवून गिळायची असते. धाकट्याला ते पहिल्या घासाला जमलं. सहकाऱ्याच्या आईनं वाढताना सांगितलं की आज धावून मऊ झालेल्या त्याच शेतात मंगळवारी लावणी आहे, आणि मुलांच्या पावलांनी चिखल आणखी एकजीव झाला, ते बरंच झालं.

परतीच्या वाटेवर सासूबाईंनी पुढचा बेत ठरवून टाकला. गोव्यात माशेलला देवकीकृष्णाच्या देवळापुढं आषाढी एकादशीच्या दुसऱ्या दिवशी चिखलकालो असतो. देवाच्या नावानं मोठी माणसंही तिथं चिखलात लोळतात, फुगड्या घालतात. पणजीहून माशेल सतरा-अठरा किलोमीटर. चोडण बेटावरून हा देव पोर्तुगीजांच्या काळात हलवावा लागला, तोही इतिहास आहे. मुलांनी लगेच विचारलं की जवळ संग्रहालय कुठलं. जुन्या गोव्यात पुरातत्त्व खात्याचं आहे, वाटेवरच. नवऱ्यानं गाडी चालवता चालवता सांगितलं की पुढच्या आषाढाची रजा उद्याच टाकतो.